प्रॅक्टिकलचे वीस मार्क

अण्णा, माझा थोरला भाऊ, फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी गेला. ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत तो कारकून होता. रोजच्यासारखा तंजावूरच्या जुन्या बसस्टँडवर उभा होता आणि तिथेच कोसळला. वय बावन्न. इस्पितळात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

त्याला एकच मुलगा. तो प्लस टूला, म्हणजे बारावीला होता. मधल्या दर्जाचा विद्यार्थी; पहिला येणारा नाही आणि नापास होणाराही नाही. इथल्याच सरकारी कॉलेजात बी.एस्सी. करायचं एवढी त्याची इच्छा होती, आणि अण्णाचीही. मराठीत विचारलं तरी उत्तर तमिळमध्ये द्यायचा. आईशी मात्र मराठीत बोलायचा.

अग्नी त्याने दिला, त्यामुळे कर्ता तोच. आमच्या घरात कर्त्याने तेरा दिवस उंबरा ओलांडायचा नाही, नदीवर जायचं तेवढंच. अंगात शर्ट नाही, पायात चप्पल नाही, एक वेळ जेवण, चटईवर झोप. मुंबई-पुण्याकडच्या आमच्या लोकांनी हे केव्हाच सोडलं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून चुलतभावाचा फोन आला, तेव्हा तो म्हणाला, "अरे, आमच्याकडे तीन दिवसांत आटपतात. तुम्ही तंजावूरवाले अजून राजांच्याच काळात."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही राजे गेले ते," मी म्हटलं. तो हसला. मीही हसलो असेन.

त्याच दिवशी दुपारी शाळेतून फिजिक्सच्या बाईंचा फोन आला. प्रॅक्टिकल परीक्षा सोमवारपासून होती. मुलांच्या दोन तुकड्या केल्या होत्या. पहिलीचे तीन विषय सोमवार, मंगळवार, बुधवार; दुसरीचे गुरुवार, शुक्रवार, शनिवार. बाई तमिळमध्ये म्हणाल्या, "सर, मी त्याला दुसऱ्या तुकडीत टाकते. तेवढंच माझ्या हातात आहे. त्यापुढे बाहेरचे परीक्षक निघून जातात."

मी बोटांवर मोजलं. पहिली तुकडी म्हणजे पाचवा, सहावा, सातवा दिवस. दुसरी म्हणजे आठवा, नववा, दहावा. कशीही मोजली तरी तेराच्या आतच. सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला.

माझी नोकरी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात आहे. आकडा हातात आला की मला धीर येतो, आणि घरात सगळ्यांना हे माहीत आहे. मी तिन्नैवर, म्हणजे अण्णाच्या घराच्या दारालगतच्या ओट्यावर, बसून मोबाइलवर पास होण्याचे नियम काढले. प्रत्येक विषय शंभराचा. लेखी सत्तर, प्रॅक्टिकल वीस, शाळेच्या हातचे दहा. पास व्हायला एकूण पस्तीस. लेखीत किमान पंधरा हवेत. प्रॅक्टिकलला किमान गुणांची अट नाही.

अट नाही, म्हणजे शून्य चालेल. मी असा अर्थ लावला. त्याच परिच्छेदात पुढे आणखी एक ओळ होती. ती मी वाचली नाही. मला हवं ते सापडलं होतं.

पुतण्याच्या तिमाही-सहामाहीच्या गुणपत्रिका मागवल्या. फिजिक्स हा त्याचा सगळ्यात कच्चा विषय. लेखीत तीस तरी पडतील, शाळेचे आठ, अडतीस झाले. बाकीचे दोन विषय त्याहून वरच. प्रॅक्टिकलचे वीस सोडले तरी तो तिन्हींत पास होत होता. हे मी एका कागदावर मांडून वहिनींना दाखवलं.

त्यांनी कागद हातात घेतला नाही. "भावोजी, दोन तास जाऊन आला तर काय होतं?"

"कर्ता आहे तो, वहिनी. शर्ट घालून, चपला घालून प्रयोगशाळेत उभा राहणार?"

"नाही, मी आपलं विचारलं."

"मार्क कमी पडतील, पण पास होईल. इथल्या कॉलेजला तेवढं पुरे."

पुतण्या आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. डोकं भादरलेलं, त्यामुळे कान मोठे दिसत होते. तो म्हणाला, "काका, टायट्रेशन मला चांगलं येतं." एवढंच, आणि तेही मराठीत. मी त्याला सांगितलं की येतं ते कुठे जात नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळची क्रिया उरकून वाध्यार निघाले. आमच्या भटजींना आम्ही तमिळ लोकांसारखं वाध्यारच म्हणतो. दाराशी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "परीक्षा आहे ना पोराची? मी आठला येतो, साडेनऊला मोकळा करतो. जाऊ दे. आल्यावर स्नान करील आणि बसेल. परीक्षेला मी आजवर कुणाला अडवलेलं नाही."

मी म्हणालो, "बघतो." आत येऊन हे मी कुणालाही सांगितलं नाही.

का नाही, तेही लिहायला हवं. आमचे वडील, अप्पा, गेले तेव्हा कर्ता अण्णा होता आणि मी धाकटा. सातव्या दिवशी मी ऑफिसला गेलो. तपासणीचा दौरा होता, पापनाशमचे वजनकाटे तपासायचे राहिले होते, असं कारण सांगितलं. दौरा पुढे ढकलता आला असता. अण्णा तेरा दिवस एकटा बसून राहिला आणि मला पुढे कधी एका शब्दाने बोलला नाही. त्याच्या वेळी सगळं पुरेपूर व्हावं असं मला वाटत होतं. माझी राहिलेली उणीव मी त्याच्या मुलाकडून भरून घेत होतो. हे तेव्हा मला इतकं स्वच्छ दिसत नव्हतं, पण अगदीच दिसत नव्हतं असंही नाही.

बाईंना फोन करून तो येणार नाही असं कळवलं. त्या काहीतरी सांगू लागल्या. "नियम मी वाचलेत, मॅडम," मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी दहावा होता. मेट्टूर धरणाचं पाणी बंद झालेलं, वेण्णार नदीत गुडघाभरसुद्धा पाणी नव्हतं. पुतण्याने वाकून ओंजळीने पाणी सोडलं. सगळं शिस्तीत झालं. त्याच वेळी शाळेत बायोलॉजीचं प्रॅक्टिकल चाललं होतं. घड्याळात पाहून मला ते आठवलं, आणि तरीही मला समाधान वाटत होतं.

मार्चमध्ये त्याने सगळे पेपर लिहिले. मे महिन्यात निकाल आला. माझ्याच मोबाइलवर आम्ही तो उघडला. फिजिक्सला लेखी एकतीस, शाळेचे आठ, एकूण एकोणचाळीस. माझा अंदाज एका गुणाने चुकला होता. केमिस्ट्री सत्तेचाळीस, बायोलॉजी त्रेपन्न. तिन्हींसमोर प्रॅक्टिकलच्या रकान्यात गैरहजर आणि शेवटच्या रकान्यात नापास.

नोंदीत चूक असेल म्हणून मी निकालाची छापील प्रत काढून शाळेत गेलो. हेडमास्तर समंजस माणूस. त्यांनी मला आधी बसायला सांगितलं, मग नियमाचा कागद माझ्यासमोर ठेवून त्या ओळीवर पेन टेकवलं. प्रॅक्टिकलला किमान गुण नाहीत. हजेरी मात्र सक्तीची.

"शून्य मिळालं असतं तरी पास होता," ते म्हणाले. "नुसता येऊन उभा राहिला असता तरी."

"मी त्यांना..." फिजिक्सच्या बाई शेजारच्या टेबलावरून बोलू लागल्या आणि थांबल्या. त्यांनी वाक्य पुरं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

जूनअखेरीस पुरवणी परीक्षा. तिन्ही विषयांची प्रॅक्टिकल आणि लेखी, दोन्ही पुन्हा. मी फॉर्म भरला. महिनाभर पुतण्या पुस्तक समोर ठेवून बसत असे, पण एकच पान तासतासभर उघडं दिसे. केमिस्ट्री आणि बायोलॉजी सुटली. फिजिक्सच्या लेखीत त्याला अकरा पडले. पंधरा हवे होते. तोपर्यंत कॉलेजचे प्रवेश संपले होते आणि त्याच्या वर्गातली मुलं नवीन बॅगा घेऊन टाउनबसला लटकून जाऊ लागली होती.

नातलगांत सगळे वाध्यारांना नावं ठेवू लागले. एका आत्याने तर सांगितलं, वर्षश्राद्धाला दुसरा भटजी बघा, या म्हाताऱ्याने पोराचं वर्ष घालवलं. मी ते ऐकत होतो. दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी वहिनींकडे गेलो. त्या वेंगाय सोलत होत्या, ते लहान गोल कांदे, सांबारात घालतात ते.

"वहिनी, वाध्यारांनी जाऊ दे म्हणून सांगितलं होतं. मी तुम्हाला बोललो नाही."

त्यांनी हातातला कांदा सोलून पुरा केला. "मला माहीत आहे."

"कसं?"

"मलाही म्हणाले होते ते, चौथ्या दिवशी. मी म्हटलं, भावोजींनी कागदावर मांडलंय, ते चुकायचे नाहीत." पुढचा कांदा उचलत म्हणाल्या, "मी त्याला हाताला धरून नेऊन सोडायला हवं होतं. आई आहे मी."

मी म्हणालो, चूक माझी आहे. त्यांनी मान हलवली, पण ते कबूल म्हणून की नको म्हणून, ते मला कळलं नाही. वाध्यारांबद्दलचं खरं काय ते मी त्या संध्याकाळी आत्याला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "असो, झालं ते झालं." पुतण्यालाही सांगितलं. तो मोबाइलमध्ये बघत होता. त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि परत खाली घातली.

आता तो पापनाशमला एका खताच्या दुकानात बसतो. सकाळच्या पॅसेंजरने जातो, रात्री आठला येतो. पुढच्या मार्चच्या परीक्षेचा फिजिक्सचा फॉर्म मी भरून वहिनींकडे दिला होता. या वेळी नियमाचा प्रत्येक शब्द दोनदा वाचला होता. त्याची सही तेवढी हवी होती. मुदतीच्या आदल्या दिवशी वहिनींनी तो बिनसहीचाच फॉर्म माझ्या घरी परत पाठवला. सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हती.