पात्याची पाठ

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. त्या माळाचा विषय निघाला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जायचो. त्या दिवशी तिथं हजर असलेलं आता कुणी उरलेलं नाही. आता तरी खरं सांगून टाकतो.

गावात त्यांना सगळे मेजर म्हणायचे. होते सुतारच. पण लढाईवरून परत आलेला कुणीही आमच्या भागात मेजरच असतो. ते मूळचे आष्ट्याकडचे. लढाईत विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात लाकडी पंखे घडवायचे. लढाई संपली तेव्हा खाकी शर्ट, एक ट्रंक आणि पलटणीतला जाडजूड चमचा घेऊन ते कडेगावजवळच्या आमच्या गावी माझ्या वडिलांकडे सुतारकामाला आले; मीही तिथंच काम शिकत होतो. तो चमचा कायम खिशात असायचा.

विहिरीवर मोट चालू असली की थारोळ्यात, म्हणजे दगडी कुंडीत, पडणाऱ्या धारेजवळ ते चमचा घेऊन उभे राहायचे. दांडी दोन बोटांत सैल धरायची आणि चमच्याची फुगीर पाठ धारेला हळूच टेकवायची. तुम्हीही करून पाहा. वाटतं, पाणी चमच्याला बाहेर उडवेल. होतं उलटंच. चमचा धारेत ओढला जातो.

"ढकलतंय का वढतंय?" ते विचारायचे.

"वढतंय," आम्ही म्हणायचो.

"मग वारा बी वढतोच की रं."

हे ते कुणालाही विचारत. बैल हाकणाऱ्याला, धुणं धुणाऱ्या बायकांना. एकदा तर पाहणीला आलेल्या मामलेदारांना. मामलेदारांनी आधी चमचा स्वच्छ आहे का ते पाहिलं.

आमच्या माळावर वर्षातले आठ महिने वारा असतो. मेजरांच्या डोक्यात होतं, त्या वाऱ्यावर मोटारीचा डायनामो फिरवायचा आणि शाळेत दिवा लावायचा. विमानात इंजिन पंखा फिरवतं आणि पंखा हवा कापत पुढे जातो. आपण उलट करायचं. हवेनं पंखा फिरवायचा आणि पंख्यानं डायनामो.

यात त्यांचं काय अडलं होतं तेही सांगतो. शाळेत सुतारकामाचा वर्ग निघणार होता. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणजे गावचे पाटील. वाऱ्यावर दिवा लागला तर मास्तरची जागा तुमची, असं त्यांनी चारचौघांत कबूल केलं होतं. जागेबरोबर शाळेमागची खोली मिळणार होती. मेजरांची बायको आणि दोन मुली चार वर्षं माहेरी होत्या. खोली मिळाली की त्यांना आणतो, हे वाक्य दिवसातून एकदा तरी त्यांच्या तोंडून यायचंच.

पंखा त्यांनी सागाच्या एकाच लांब फळीतून कोरला. मध्ये भोक, दोन्हीकडे दोन पाती. प्रत्येक पात्याला पीळ होता. बुडाशी जास्त, शेंड्याकडे कमी. मी कारण विचारलं, तर म्हणाले, सायकल दामटली की वारा पडलेला असला तरी तोंडावर वारा लागतो ना? शेंडा जोरात पळतो, त्याला वारा समोरून आल्यासारखा लागतो. बुडखा हळू चालतो, त्याला लागतो तो माळावरचा वारा. दोघांनी सारखंच वळून कसं चालेल?

पात्याची वाऱ्याकडची बाजू सपाट होती. मागची बाजू मात्र माशाच्या पाठीसारखी फुगीर. पुढची कड जाड, मागची पातळ. त्या फुगीर पाठीवरून वारा वळून घाईनं जातो, तिथं त्याचा दाब कमी होतो आणि पातं तिकडे ओढलं जातं. हे त्यांनी मला चमच्यासकट समजावलं होतं. मी मान डोलावली होती. पटलं नव्हतं. वारा लागतो समोरून, मग पाठीशी त्याचा काय संबंध?

पाती झाली आणि मेजर तीन दिवसांसाठी सांगलीला डायनामो आणायला गेले. जाताना मला म्हणाले, "गड्या, रंग तेवढा दे आन् चढवून ठेव."

मी पाती समोर घेऊन बसलो. आमच्या घरात एक शिस्त होती. कपाटाची भिंतीकडची फळीसुद्धा सरळ असली पाहिजे. वडील काटकोन तपासायचा गुण्या लावून बघायचे आणि खालून उजेड दिसला तर फळी अंगावर फेकायचे. ती फुगीर पाठ मला बघवेना. घाईत राहून गेली असेल, असं मी मनाला सांगितलं. चार लोक बघायला येणार, मेजरांच्या कामाला कुणी नाव ठेवू नये. मी रंधा घेतला. दोन्ही पाठी सपाट केल्या, कडा दोन्हीकडे सारख्या केल्या, वर तांबडा तेलरंग दिला. इतकं सुबक काम मी तोवर केलं नव्हतं. मग दोन गड्यांना हाताशी घेऊन पंखा माळावर रोवलेल्या उंच खांबावर चढवला.

मेजर परतले ते थेट माळावर. खालून पंखा बघून खूश झाले, माझ्या पाठीवर थाप मारली. डायनामो जोडला, तार खाली आणून दिव्याला लावली; दिवसाउजेडी दिसावा म्हणून दिवा खोक्यात ठेवला होता. पाटील आले, गाव जमलं. वाराही चांगला सुटला होता.

पंखा फिरला. पण जड रहाटासारखा. खोक्यात वाकून बघणारे एकेक जण मान हलवत बाजूला झाले. दिव्यातली बारीक तार लालसुद्धा झाली नव्हती.

"आवं मेजर," पाटील म्हणाले, "आमचा म्हातारा बैल मोटंला यापरीस जोरात पळतोय."

लोक हसले. मेजर शिडीने वर चढले. त्यांनी हाताने पंखा थांबवला आणि पात्याच्या पाठीवरून तळहात फिरवला. हात मध्येच थांबला. परत बुडापासून शेंड्यापर्यंत फिरवला. मग ते खाली उतरले आणि माझ्या हातांकडे बघितलं. नखांत तांबडा रंग होता. मला वाटलं, आता कानशिलात बसणार.

"काय झालं?" पाटलांनी विचारलं.

"माजाच हात चुकला. जादा तासलं गेलं."

"मग पोरास्नी काय शिकीवनार तुमी?"

मेजर दिव्याची तार सोडवायला वाकले. मी तीन हातांवर उभा होतो. तोंड उघडता आलं असतं. उघडलं नाही.

लोक पांगल्यावर पंखा दोराने खाली सोडताना ते हळू आवाजात एवढंच म्हणाले, "तुजं नाव घेतलं असतं तर तुज्या बापाला ह्या गावात काम कुनी दिलं असतं?"

दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलून ते सांगलीला गेले. महिन्याभराने पाटलांनी मला बोलावलं आणि मास्तरची जागा देऊ केली. मी घेतली. खोलीही घेतली. माझी मुलं त्याच खोलीत रांगली.

पुढे शाळेसाठी लाकूड आणायला सांगलीच्या एका वखारीत गेलो, तेव्हा ते तिथं ओंडके मोजत होते. केस पिकले होते. मला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. चहा मागवला. बायको-मुली कुठं असतात, हे मी विचारलं नाही. त्यांनीच विचारलं, "खोली गळती का रं पावसात? मी बघून ठेवली हुती तवा. मागची कौलं सरकल्याली."

मी कप खाली ठेवला. कौलं बदलली, एवढंच मी बोललो. फळ्या गाडीत भरल्या आणि निघालो. वाटेत तासगाव येईपर्यंत वाक्य तयार झालं. पुढच्या खेपेला नक्की, असं ठरवलं. पुढच्या खेपेला वखारवाल्याने सांगितलं, मेजर पावसाळ्यात वारले.

वाक्य काही मोठं नव्हतं. मेजर, तुमचा हात चुकला नव्हता, पाती मी तासली, आणि तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात तेव्हा मी तिथं नुसता उभा राहिलो, मला माफ करा.