फोटोपुरता शर्ट

रविवारी सकाळी आम्ही सातआठ जणी सायकली घेऊन निघालो की नवरा दारातून ओरडायचा, "निघाली वरात!" वरातच होती म्हणा. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे, पाठीवर ग्रुपचं नाव छापलेली भडक जर्सी आणि खाली ती घट्ट, पॅड लावलेली पँट. मी शाळेत शिकवते, त्यामुळे बारामतीत गल्लोगल्ली माझ्या वर्गातल्या मुलांचे पालक भेटतात. पहिले सहा महिने मी त्या पँटवर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता घालूनच बाहेर पडायचे. इंदापूर रस्त्याला लागलं, घरं संपून ऊस सुरू झाला, की तो काढून कमरेच्या पिशवीत कोंबायचे. येताना पुन्हा अंगावर. म्हणजे कपड्यांची लाज काय असते हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही जे करायचं ते केलंच.

ती मला भेटली ती अशाच एका रविवारी, परतीच्या वाटेवर. कालव्याच्या पुलाजवळ माझी चेन पडली. बाकीच्या जणी पुढं निघून गेल्या होत्या आणि मी हातमोजे काढून नुसतीच चेनकडं बघत उभी. मागून एक बाई सायकलवर आली. लेडीज सायकल, जांभळी, पुढची बास्केट चेमटलेली, कॅरियरला मेथी-कोथिंबिरीचं गाठोडं. साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, रानात जाताना बायका घालतात तसा. तिनं स्टँड लावला, बांधावरची एक काडी उचलली, काडीनंच चेन उचलून दात्यांवर ठेवली आणि पेडल उलटं फिरवलं. झालं काम. बोटाला काळं लागलं नाही.

मग तिनं माझ्या सायकलीला एक फेरी मारली.

"कॅरियर न्हाय, ष्टँड न्हाय, घंटी न्हाय. बाई, दुकानदारानं फशिवलं की वो तुमाला!"

बोलता बोलता मी शिकवते हे तिला कळलं होतं, म्हणून "बाई", नाहीतर काय म्हणाली असती कोण जाणे, कारण लगेच पुढं, "आन् हे अंगात काय? सर्कशीत हाय का?" मला इतकं हसू आलं की कुर्ता घालायचाच विसरले.

त्यानंतर दर रविवारी भेट ठरलेली. ती काटेवाडीची. रोज सकाळी सायकलवर बारामतीत यायची, ठरलेल्या दहाबारा घरांत भाजी द्यायची आणि ऊन चढायच्या आत परत. सायकल लेकीची, शाळेतली. लेक लग्न होऊन इंदापूरला गेली आणि सायकल पडून राहिली, तेव्हा ही चाळिशी उलटलेली बाई कालव्याच्या रस्त्यावर चालवायला शिकली. "दोन येळा पडले. तिसऱ्यांदा सायकलच म्हनली, बस बाई आता." वारं समोरून असलं की बोलायचं नाही, नुसतं हाणत राहायचं, हे मला तिनंच शिकवलं. मी तिला मावशी म्हणायचे. माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठी असेल, पण दारावर भाजी आणणारी म्हटली की मावशी, हे आपल्या डोक्यात ठरलेलं असतं. ती रोज एवढं अंतर का मारते, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. मला माहीतच होतं ना! मळका शर्ट, जुनी सायकल, कॅरियरला भाजी. आणखी काय विचारायचं?

महिला दिन आला. आपल्याकडं शाल आणि नारळ तयारच असतात, फक्त माणूस सापडायचा बाकी असतो. मी ग्रुपवर तिचं नाव सुचवलं आणि सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. कार्यक्रम आमच्या शाळेच्या हॉलमध्ये, सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडं.

ती आली ती हिरव्या काठापदराच्या साडीत. गळ्यात चांगलं ठसठशीत गंठण, केसांत गजरा. सायकलसुद्धा पुसून चकचकीत केलेली. खरं सांगते, तिला तसं बघून माझा विरसच झाला. चिडच आली म्हणा. मी मनात जो फोटो काढून ठेवला होता, त्यात ही बाई बसत नव्हती.

"मावशी, शर्ट कुठाय?"

"सत्काराला शर्ट?" ती हसली. "रानात चाललेय व्हय मी?"

मी हसले नाही. म्हटलं, फोटोत रोजच्यासारखं दिसायला पाहिजे, लोकांना कळायला पाहिजे. शिपायांच्या खोलीत खिळ्याला त्यांचा घरी जायचा शर्ट लटकत होता, रेघारेघांचा. तो मी घेऊन आले.

"कुणाचा हाय?" तिनं विचारलं.

"आमच्या शिपायांचा. अहो, फोटोपुरता. दोन मिनिटांचं काम."

तिनं क्षणभर शर्टाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी बाई होते. बाईंनी सांगितलं की करायचं, एवढं शाळेतलं शिक्षण तिच्यातही उरलेलं असणार. तिनं शर्ट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. गंठण आत गेलं. मला ते बरंच वाटलं.

मग माझं भाषण. "घरची परिस्थिती हलाखीची असताना, परिस्थितीवर मात करत, ही माउली रोज सायकलवर..." आमच्याकडं भाषणात परिस्थिती म्हणजे गरिबी. गरीब म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून काढलेला शब्द. सत्काराच्या भाषणात तो नसला तर टाळ्या पडत नाहीत. टाळ्या कडाडून पडल्या. ती खुर्चीत शाल सावरत माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, भारावली.

तो फोटो, खाली माझीच वाक्यं, संध्याकाळपर्यंत कुठल्या कुठं गेला. ग्रुपवाल्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तर रडवलंत!" मी दोन दिवस हवेत होते.

पुढच्या रविवारी ती दिसली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी तिचा मुलगा येऊन उभा राहिला. मागं नवी पिकअप गाडी. आवाज चढवला नाही त्यानं, चढवला असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, आमची परिस्थिती तुमाला कुणी सांगितली?"

मी काहीतरी पुटपुटले.

"सहा एकर बागायत हाय. घर हाय, ट्रॅक्टर हाय. आई हौसेनं जाती, घरात बसवत न्हाय तिला. आमी कवा अडवलं न्हाय. आता ताईच्या सासरी इंदापुरात विचारत्यात, भाऊ आईला बघत न्हाय का म्हणून. बावड्यातनं मामाचा फोन, बहिनीचे असले हाल करता व्हय रं?" त्यानं फाटकावर हात ठेवला. "तुमी चालवली की हौस आन् आमच्या आईनं चालवली की हाल. असं हाय व्हय मॅडम?"

 

जाता जाता तो वळला. "आन् तो शर्ट कुणाचा? आमच्या आबांचा न्हाय तो."

मी सांगितलं. तो खाली बघत "बरं" म्हणाला आणि गेला.

त्या रात्री मी ग्रुपवर दुरुस्ती लिहिली. चार जणींनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि विषय संपला. फोटो मात्र फिरतच राहिला. धनुष्यातून सुटलेला बाण तो, मी काय परत आणणार! तिच्या घरी जायला मला महिना लागला. काटेवाडी आली की मी मान खाली घालून पेडल मारायचे, न जाणो ती रस्त्यावर उभी असली तर. शेवटी एका रविवारी एकटीच गेले. अंगावर कुर्ता, आणि तो वाटेत काढला नाही.

ती दारातच गवारी निवडत होती. "बाई! या की," म्हणून उठली, काही झालंच नाही अशी. जांभळी सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली. पुढच्या चाकात हवा नाही, बास्केटात कांदे.

"इकली न्हाय," माझी नजर बघून ती म्हणाली. "पोरगा म्हनतो, कुठं जायचं ते सांग, गाडीनं सोडतो. सोडतो बी. चांगला हाय तो. पर सांगावं लागतं."

"माझं चुकलं," मी म्हटलं. घरून पाठ करून आणलेलं बाकीचं सगळं विसरले.

"च्यात साखर चालती न्हवं?" म्हणत ती आत गेली.

चहा पिताना ती रस्त्याकडं बघत होती. मग एकदम म्हणाली, "वारं कसं हाय आज कालव्यावर?"

"समोरून होतं."

"व्हय, या दिसांत समोरनंच असतं." तिनं कप खाली ठेवला. "मंग जाताना पाठीवर घ्याल."

मी निघाले तेव्हा ती घाईघाईनं आत गेली आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आत रेघारेघांचा शर्ट. धुतलेला, इस्त्री केलेला, घडी एकसारखी. त्या दिवशी ती तो तसाच अंगावर घालून घरी गेली होती आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. शिपाई गणवेशातच घरी गेले असणार. त्यांनाही मी काही विचारलं नव्हतं.

"कवाधरनं ठेवलाय," ती म्हणाली. "ज्याचा हाय त्याला देऊन टाका. आन् त्यास्नी सांगा, चुरगळू दिला न्हाय म्हनावं."

मी पिशवी घेऊन सायकलीपाशी आले आणि ती कुठं ठेवायची ते कळेना. तिनं एकदा माझ्या सायकलीकडं बघितलं, पण यावेळी कॅरियरवरून चिडवलं नाही. मी पिशवी हँडलला अडकवली. बारामतीपर्यंत वारं पाठीवर होतं, आणि पेडल मारावं तशी ती पिशवी माझ्या गुडघ्याला लागत राहिली.