एकाच नंबरवरचं वऱ्हाड

हदगावहून आलेल्या अठरा माणसांना मी एकच माणूस समजलो, आणि त्या एका माणसाला मंगळवारी साडेअकराची वेळ दिली.

हे मी पूर्ण शुद्धीत असताना केलं. वर त्याबद्दल शाबासकीही घेतली.

लातुरात एका खाजगी क्लासमध्ये मी भरतीचं काम बघतो. नांदेडला आमची शाखा आहे, दोन्ही गावांत वसतिगृहं आहेत, त्यामुळे दर उन्हाळ्यात ड्रायव्हर, शिपाई, रेक्टर अशी माणसं लागतात. आजवरची माझी पद्धत सोपी होती. सगळ्यांना फोन करायचा आणि सगळ्यांना सकाळी दहालाच बोलवायचं. मग लोक जिन्यात बसून राहायचे, एकेक पायरी वर सरकायचे, आणि दुपार कलल्यावर आत पोचायचे तोवर आपण कुठल्या जागेसाठी आलो तेच विसरलेले असायचे. मागच्या वर्षी एकानं पायरीवरच डबा उघडला, शेजारच्यांना वाढलं, जेवला आणि मुलाखत न देता हात धुऊन निघून गेला. त्या दिवशी मला लाज वाटली. खरंच वाटली. पुढचं वाचताना कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

तर मी एक ऑनलाइन कार्यशाळा केली. तिथं मला ‘उमेदवाराचा अनुभव’ हा शब्द मिळाला. पुढचे कितीतरी दिवस मी तो ऑफिसात पेढ्यासारखा वाटत फिरलो. मग एक सॉफ्टवेअर घेतलं. अर्ज मोबाईलवर भरायचा. छाननी झाली की उमेदवाराला आपोआप मेसेज जाणार, त्यानं सोयीची वेळ निवडायची, मुलाखतीपर्यंत रोज आठवण जाणार, गेटवर मेसेज दाखवला की थेट आत. जिन्यात कुणी बसायचं नाही. निवड झाली तर अभिनंदनसुद्धा मशीनच करणार. मला काहीच करावं लागणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यातला हाच भाग मला जास्त आवडला होता.

सेटिंग करताना एक प्रश्न आला. एकाच मोबाईल नंबरवरून अनेक अर्ज आले तर शेवटचा ठेवून बाकीचे काढून टाकायचे का? मी फटकन ‘हो’ केलं. पूर्वी एका पठ्ठ्यानं एकाच जागेसाठी सात अर्ज केले होते, त्यातला एक गॉगल लावलेल्या फोटोसकट. म्हटलं, आता कर बरं.

आमच्या संचालक मॅडमनी यादी बघितली. “हदगावकडून एकच अर्ज? नांदेडच्या जागांना तिकडूनच तर माणसं मिळतात आपल्याला.”

“डुप्लिकेट गेले, मॅडम. एकदम स्वच्छ यादी आहे.”

“छान,” त्या म्हणाल्या. हीच ती शाबासकी.

मंगळवारी मी खुर्चीत बसून काही न करण्याचा आनंद घेत होतो, तेवढ्यात गेटवरून वॉचमनचा फोन आला.

“साहेब, खाली या. एका नावावर वऱ्हाड आलंय.”

“मेसेज असेल त्यालाच सोड.”

“मेसेज कुणाकडंच न्हाई. म्हणतेत, चाचाकडं हाय. यादीत नाव होतं त्या पोराला वर धाडलं. बाकीच्यांचं काय करू?”

खाली गेलो तर लिंबाखाली एक क्रूझर उभी, आणि तिच्याभोवती इस्त्रीचे कपडे घातलेली, पहाटेपासून प्रवास करून चुरगळलेली माणसं. पुढं एक बाई होत्या. हातात फाईल, खांद्याला पाण्याची बाटली.

“मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरसाठी आले साहेब. नांदेडच्या.”

“तुमचा मोबाईल नंबर?”

त्यांनी सांगितला. यादीत त्या नंबरसमोर ड्रायव्हरच्या जागेचा अर्ज होता. मी शेजारच्या माणसाला विचारलं. त्यानंही तोच नंबर सांगितला. तिसऱ्यानं अर्धा सांगितला, उरलेला माझा मीच म्हटला.

मग त्या नंबरवर फोन लावला, आणि आपली बाजू सगळ्यांना कळावी म्हणून स्पीकरवर ठेवला. तोही मूर्खपणाच.

“हां साहेब, बोला! गाडी पोचली का?” हे चाचा. हदगावात त्यांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, हे मला तेव्हाच कळलं.

“तुम्ही सगळ्यांच्या अर्जावर स्वतःचाच नंबर टाकला?”

“मग कुणाचा टाकू? ओटीपी लगेच मागतंय. कुणाचा फोन रानात, कुणाचा चार्जिंगला, कुणाचा रिचार्ज संपलेला. पीकविम्यापासून पोरींच्या स्कॉलरशिपपर्यंत सगळ्याला माझाच नंबर टाकून राहिलो मी. आजपर्यंत कुणी तक्रार न्हाई केली.”

“अहो, पण वेळ एकालाच दिली होती.”

“एकच मेसेज आला म्हणून तर सगळ्यांना एकाच गाडीत घातलं! आणि तुमचं मशीन मला रोज सांगून राहिलं, ‘प्रिय उमेदवार, आपली उपस्थिती निश्चित करा.’ रोज केली मी निश्चित. साहेब, साठी उलटली माझी. मला कायला बोलावता नोकरीला?”

लिंबाखाली हशा पिकला. वॉचमन तर गेटला धरून हसला. मग चाचांचा आवाज उतरला.

“मजाक जाऊ द्या. त्या ताईचं आधी बघा. तिची पोरगी नांदेडात मामाकडं राहून अकरावी करती. तिचा फोनबी पोरीकडंच हाय, अभ्यासाला. आता मामाची बदली झाली. रेक्टरला राहायला खोली देता म्हणून लिवलंय तुमी. खोली भेटली तर मायलेकी राहतील, न्हाई तर ह्याच महिन्यात पोरगी परत हदगावला.”

बाई फाईलची नाडी सोडून पुन्हा बांधत होत्या.

अशा वेळी शहाण्या माणसानं काय केलं असतं? बाईंना घेऊन वर गेला असता. मी लॅपटॉप मागवला. “दोनच मिनिटं, नोंद करून घेतो,” म्हणालो. चाचांचा नंबर टाकला, तर मशीन म्हणालं, या उमेदवाराला वेळ दिलेली आहे. मग मी हुशारी केली आणि बाईंच्या नावापुढं माझा स्वतःचा नंबर टाकला. लगेच माझा खिसा वाजला. मशीननं मला नमस्कार करून सोयीची वेळ निवडायला सांगितली होती. पहिली मोकळी वेळ चारची.

“चारला जमेल का तुम्हाला?” मी विचारलं.

“मुलाखत घेणाऱ्या मॅडम तर एकला हैदराबादला निघून राहिल्या, वॉचमन म्हणतेत.”

“हो.”

“मग चारला माझी मुलाखत कोण घेणार? मशीन?”

मी वॉचमनकडं बघितलं. तो म्हणाला, “साहेब, आज जिना मोकळाच हाय.”

बाईंना घेऊन वर गेलो. मॅडम एकट्याच बसल्या होत्या. ड्रायव्हरच्या जागेसाठी आलेल्या त्या पोराचं काम पाच मिनिटांत झालं होतं, पण मशीननं त्याला अर्धा तास दिलेला, म्हणून पुढचं कुणी आलंच नव्हतं. मी घडलं ते सांगितलं, जरा कापून छाटून. मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि प्रश्न मात्र बाईंना विचारला.

“वसतिगृहाच्या दारात एका वेळी अठरा पोरींचे आईबाप येऊन उभे राहिले, तर काय कराल?”

“सावलीत बसवीन. पाणी देईन. मग एकेकाचं नाव विचारीन.” बाई जरा थांबल्या. “नंबर न्हाई विचारणार.”

मॅडमना एकाएकी खोकला आला.

बाकीच्यांना वर आणलंच नाही. मॅडम स्वतः खाली आल्या, लिंबाखाली खुर्ची टाकून एकेकाशी बोलल्या, हैदराबादला उशिरा निघाल्या. जाताना निवडलेल्यांची नावं मला सांगितली. रेक्टरच्या जागेला बाईंचं नाव ऐकलं तेव्हा मला एवढा आनंद झाला, की मी धावत जाऊन मशीनमध्ये ‘निवड’ दाबलं.

माझा खिसा वाजला.

‘अभिनंदन! मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरपदी आपली निवड झाली आहे. आपली खोली तयार आहे.’

गेटकडं पळालो तर क्रूझर गेलेली. बाईंचा फोन पोरीकडं, आणि पोरीचा नंबर विचारायचं मला सुचलं नव्हतं. राहिला एकच नंबर. तो लावला, चाचांना बातमी सांगितली. ते दुकानात मोठ्यानं ओरडले, पलीकडं कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

“गाडीवाल्याचा नंबर हाय माझ्याकडं. आत्ताच्या आत्ता ताईला सांगतो,” ते म्हणाले.

मला वाटलं, निदान ही बातमी तरी आपल्या तोंडून जावी. म्हटलं, “चाचा, तो नंबर मला द्या. मीच बोलतो. सिस्टीममध्ये नोंदही करून ठेवतो.”

“नको साहेब. तुमी नोंद केली तर गाडीवाला रेक्टर व्हायचा. ठेवा फोन.”