दोन लिंबांची बोट

पिंपळगाव राजा या गावाजवळच्या एका शेततळ्यावर तो मला एकदाच भेटला. भाजीपाला पिकवणारा, पन्नाशीचा माणूस. रिमोटवर चालणारी शर्यतीची बोट त्याने पहिल्यांदाच घरी बनवली होती आणि ती पाहायला सगळं सासर बोलावलं होतं. बोट बुडाली असती तर पुढच्या प्रत्येक लग्नात तोच विषय निघाला असता.

नव्या ट्रॅक्टरची करतात तशी त्याने हातभर बोटीची पूजा केली, नारळ फोडला आणि पुढच्या टोकाला लिंबू-मिरची बांधली. बोट सुटली आणि लिंबाच्या वजनाने काठाजवळच पाण्यात नाक खुपसून बसली.

"भाऊजी, बोट होय का म्हैस?" मेहुणा म्हणाला.

"लिंबू काढून टाका," मी सुचवलं.

"अन् नजर लागली म्हंजे?" असं म्हणत त्याने बोट उचलली आणि मागच्या टोकालाही तेवढंच लिंबू बांधलं.

आता बोट सरळ झाली आणि वरातीच्या चालीने पलीकडच्या काठाला लागली.

"पह्यला नंबर!" त्याने जाहीर केलं.

मेहुणा हसला. "पह्यला काऊन? दुसरी बोट कुठी हाय?"

रिमोट खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसत तो म्हणाला, "तेच तं इचारून राह्यलो. तुयी कुठी हाय?"

मेहुणा तळ्याकडे पाहू लागला. माझ्याकडेही बोट नव्हती, म्हणून मीही तळ्याकडे पाहत राहिलो.