जिभेवरचं माणिक

लाल खडा हातात आला की अक्का तो आधी जिभेवर ठेवायच्या. पंखा बंद करायला लावायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या. "थंड आहे," म्हणजे माणिक. "ऊन आहे," म्हणजे काच. काच निघाली तर उठून बेसिनपाशी चूळ भरायच्या. माणकानंतर कधीच नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या काळी चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये त्यांच्याकडून हार करून घेतला असेल, तर तुमचे खडे गळ्यात पडण्याआधी कुठे जाऊन आले होते ते आता कळलं असेल.

अक्का तंजावरकडच्या मराठी घरातल्या. बदलीवर चेन्नईला आलेल्या आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका त्यांच्या मराठीला पाठीमागे हसायच्या आणि खडे मात्र त्यांच्याकडेच न्यायच्या. एकदा हळदीकुंकवाला बँक मॅनेजरांच्या बायकोने आपला माणकांचा हार कौतुकाने पुढे केला. अक्कांनी मधला खडा जिभेला लावला.

"ऊन आहे, मा. पण तुम्हास रंग बरा दिसतो."

चूळ भरल्याचा आवाज भरल्या घराने ऐकला. मॅनेजरीणबाई त्यानंतर मोतीच वापरू लागल्या.

मी शनिवारी अक्कांकडे मणी ओवायला जायचे. मुलगी चार माणसांत बोलायला शिकेल, या आशेने आईने पाठवलं होतं. अक्का काम करताना सुई ओठांत धरायच्या, त्यामुळे आम्ही दोघीही गप्प असायचो. मला तिथे फार बरं वाटायचं.

एका शनिवारी आई आजीचं माणिक घेऊन आली. त्यावरून तिच्यात आणि पुण्याच्या काकूत कित्येक वर्षं अबोला होता. आईच्या मते आजीने ते तिला दिलं होतं. काकूच्या मते आईने ते घेतलं होतं.

अक्कांनी माणिक जिभेवर ठेवलं. या वेळी फार वेळ लागला. मध्येच एक डोळा उघडून त्यांनी आईकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"थंड आहे," त्या म्हणाल्या.

"मला माहीतच होतं," आई म्हणाली आणि पर्समध्ये रुमाल शोधायला लागली.

अक्का उठून आत आल्या. मी बेसिनशेजारीच, दारातून बाहेरचं दिसेल अशी ओवत बसले होते. त्यांनी नळ अगदी बारीक सोडला आणि आवाज न करता चूळ भरली. माझ्याकडे पाहिलं. मी मण्यांकडे पाहिलं.

बाहेर जाऊन त्या आईला म्हणाल्या, "ह्याची माळ करून देते, भोवती लाल मणी. तसलीच दुसरी, निव्वळ मण्यांची, मध्ये तसलाच मोठा मणी. ती जावेस पाठवा. काही बोलू नका."

"म्हणजे तिला वाटेल, की खरं माणिक..."

"वाटू द्या की. माणिक तुमच्याकडेच."

आईला हे फारच पटलं. काचेच्या मण्यांत मनाचा मोठेपणा मिळत होता. पार्सल गेलं आणि काकूचा फोन आला, "शेवटी सुचलं म्हणायचं, वहिनी." त्यानंतर दोघी दर रविवारी तासभर बोलू लागल्या, एकमेकींची मनातून कीव करत.

अक्का गेल्या त्याच वर्षी काकू पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली. गळ्यात माळ. चहा घेताना म्हणाली, "त्या तुमच्या अक्का जिभेवर बघायच्या ना? ही त्यांचीच शिष्या म्हणे. बघ गं जरा."

आईने कपबशी खाली ठेवली. माझ्या बोर्डाच्या निकालालाही तिने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. मी उठून पंखा बंद केला, मधला मणी जिभेवर धरला आणि डोळे मिटले.

"थंड आहे," मी म्हटलं.

काकू आईकडे बघून समजूतदारपणे हसली आणि आंघोळीला गेली. बाथरूमची कडी लागताच आई कपाटातून आपली माळ घेऊन आली.

"अक्कांनी माळांची अदलाबदल तर नव्हती केली?" ती कुजबुजली. "आता ही बघ."

मी आजीचं माणिक जिभेवर ठेवलं. एक डोळा उघडून आईकडे पाहिलं. पुन्हा मिटला.

"थंड आहे. खूप थंड."

आई माळ ठेवायला आत गेली. मी बेसिनपाशी गेले आणि नळ बारीक सोडला.