गोरेगावात जुळवलेला कॉम्प्युटर

लग्नाआधी मी हिंगोलीत एका डीटीपी सेंटरवर टायपिंग करायचे. लग्नपत्रिका, शाळांचे पेपर, वकिलांचे अर्ज, कधी हळदीच्या अडतीची हँडबिलं. लग्न होऊन हिंगोली जिल्ह्यातल्याच गोरेगावात आले आणि काही महिने रोज जीपनं ये-जा करून बघितली. जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर हलायचा नाही, आणि भरल्यावर आपल्याला श्वास घ्यायला जागा नसायची. शेवटी ते काम सुटलं. बोटांची सवय मात्र सुटेना. तांदूळ निवडता निवडता माझी बोटं परातीच्या कडेवर टाइप करत राहायची.

नवरा जवळच्या साखरा गावच्या शाळेवर मास्तर होता. एकदा जेवताना तोच म्हणाला, "घरीच कॉम्प्युटर घेऊ. तू इथंच काम कर." मला इतका आनंद झाला, की पुढचं वाक्य मी नीट ऐकलंच नाही. पुढचं वाक्य होतं, "पण तयार न्हाई घ्यायचा. सुटे भाग आणून आपण जोडू."

गावातल्या हायस्कूलच्या हेडमास्तरांना मी दुसऱ्याच दिवशी भेटून आले. सहामाहीचे सगळे पेपर माझ्याकडं द्यायला ते एका पायावर तयार झाले. "बरं झालं मॅडम, हिंगोलीचे हेलपाटे वाचतील आमचे," म्हणाले. परीक्षेला तेव्हा भरपूर अवकाश होता. निदान मला तसं वाटत होतं.

माझं म्हणणं साधं होतं. हिंगोलीत दुकान आहे, तिथून जोडलेला, चालू करून दाखवलेला डबा आणायचा आणि कामाला लागायचं. पण नवऱ्याकडं कॉम्प्युटरचं एक मासिक यायचं. त्यात कुणीतरी लिहिलं होतं, की सुटे भाग घेतले तर स्वस्तही पडतं आणि मालही मनासारखा मिळतो. तो म्हणायचा, "कपाट आपण सुताराकडून करून घेतो ना? तसंच हे." मी म्हणायचे, "सुतार एकच असतो. लाकूड हैदराबादचं, बिजागरी नांदेडची आणि दार हिंगोलीचं, असं कुणी करतं का?" यावर तो हसायचा. त्यानं नेमकं तेच केलं.

मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्याच्यावर बसतात ती मोठी पाटी, नवऱ्याच्या एका वर्गमित्रानं हैदराबादहून पाठवली. अगदी नवी निघालेली, असं मित्राचं म्हणणं. प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, नवऱ्यानं नांदेडहून आणला. दुकानदाराला विचारलं का, असं मी विचारलं तर म्हणाला, "इचारलं ना. बराबर बसतं म्हणला."

दुपारी आम्ही बाजेवर धुतलेली चादर अंथरली आणि दोन्ही खोकी उघडली. बोर्डाच्या मधोमध एक झाकण होतं. ते उचललं तर आत बारीक सोनेरी सुया, केसाएवढ्या, ओळीनं उभ्या. मग प्रोसेसर उलटा करून बघितला. त्याच्याही पोटाला सुया.

मग मीच म्हणाले, "दोन्हीकडं सुया असल्यावर बसणार कुठं?"

"दाबलं तर बसंल."

"दाबलं तर मोडंल!"

"दाबल्याशिवाय कळंल कसं?" असं म्हणत त्यानं हात पुढं केला आणि मी तो बोर्ड चादरीसकट ओढून घेतला. त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं, की माझा नवरा या विषयात मासिकाबाहेर काहीच जाणत नाही. वाईट याचं वाटलं, की मीसुद्धा जाणत नव्हते. सेंटरवर बटण दाबलं की मशीन सुरू व्हायचं. आत काय आहे, ते आम्हा पोरींना कुणी उघडून दाखवलं नव्हतं.

प्रोसेसर बदलून आणायला नवरा परत नांदेडला गेला. दुकानदार म्हणे, "सील फुटलं का माल वापस न्हाई." मग बरीच हुज्जत झाली, आणि वर पैसे घालून दुसरा मिळाला. हा बरोबर होता. पोटाला सुया नाहीत, नुसते सपाट ठिपके. तो बसला आणि झाकण टक्कन मिटलं, तेव्हा मला वाटलं, सुटलो.

त्याच खेपेत नवऱ्यानं रॅमची पट्टीही आणली होती. तिच्या खालच्या कडेला एक खाच असते, आणि बोर्डावरच्या फटीत तशीच एक गाठ. खाच गाठीवर बसली की पट्टी आत जाते. आमची खाच आणि आमची गाठ यांच्यात जोंधळ्याच्या दाण्याएवढा फरक होता. फार नाही, दाण्याएवढाच. पण तेवढ्यानं पट्टी आत जाईना. आम्ही ती उलटी करून बघितली, वाकडी धरून बघितली, खिडकीपाशी उजेडात नेऊन बघितली.

नवरा उठला आणि कपाटातून कानस घेऊन आला. लोखंड घासायची कानस.

"हे काय?"

"जरासं घासलं का खाच सरकंल."

मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. आवाज बराच चढला असणार, कारण सासूबाई चुलीपासून उठून दारात आल्या. "काहून वरडून राहिलीस गं? काय झालं?"

"तुमच्या लेकाला इचारा," मी म्हणाले. "कॉम्प्युटरला कानशीनं घासून राहिले."

त्यांनी एकदा लेकाकडं बघितलं, एकदा बाजेवरच्या पसाऱ्याकडं. "मंग घासू दे की जरासं," म्हणाल्या आणि आत गेल्या. मला हसू यायला हवं होतं. डोळ्यांत पाणी आलं.

त्या वर्षी कॉम्प्युटरच्या सगळ्याच गोष्टी दोन तऱ्हेच्या मिळत होत्या, जुनी जात आणि नवी जात. नाव तेच, दिसायला तेच, दुकानदार दोन्हींना एकाच नावानं हाक मारायचा. हे मला बोर्डाबरोबरच्या पुस्तिकेतून समजलं. पुस्तिका इंग्रजीत. नवऱ्याच्या शाळेतली डिक्शनरी आणली आणि दुपारच्या दुपारी एकेक ओळ लावत बसले. बोर्डाला कोणती रॅम लागते ते त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. हैदराबादच्या मित्रानं, नांदेडच्या दुकानदारानं किंवा माझ्या नवऱ्यानं ती एकदा उघडून बघितली असती, तर आमचे इतके दिवस वाया गेले नसते. पण पुस्तिकेची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती.

मधल्या काळात परीक्षा जवळ आली. मी हेडमास्तरांकडं गेले आणि आठवडाभर थांबायची विनंती केली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओशाळल्यासारखे झाले होते. "मॅडम, मी कालच पेपर हिंगोलीला पाठवले. तुमच्या मशीनसाठी परीक्षा थांबंल का?"

कुठल्या सेंटरवर पाठवले ते विचारायची गरज नव्हती. मी जिथं बसायचे, तिथंच. माझ्या जागेवर आता दुसरी कुणीतरी बसून तेच पेपर टाइप करत असणार, आणि मी इथं घरी, चादरीवर मांडलेल्या न जुळणाऱ्या तुकड्यांसमोर. शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता मी खाली मान घालून चालले. कुणी हाक मारली असेल तर ऐकू आली नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाले, "आता नांदेडला मी जाते."

"मी येतो सोबत."

"या. पण बोलायचं मी."

बोर्ड, प्रोसेसर, चुकीची पट्टी, सगळं जुन्या सुती साडीत गुंडाळून पिशवीत भरलं. कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा पत्र्याचा डबा, नवऱ्यानं खांद्यावर घेतला. हिंगोलीतला एक नेट कॅफे बंद पडला होता, तिथून त्यानं तो घेतलेला. जीपनं हिंगोली, तिथून एसटीनं कळमनुरीवरून नांदेड. खड्डा आला की दोघांचेही हात एकदमच पिशवीवर जायचे.

दुकानदार नवऱ्याकडंच बघून बोलायला लागला. "बोलो सर, अब क्या हुआ?"

"माझ्याशी बोला," मी म्हणाले आणि पुस्तिका त्याच्यासमोर उघडून धरली. "ही रॅम पाहिजे. अन् सगळं इथंच, काउंटरवर जोडून, चालू करून दाखवा. त्याशिवाय आमी उठणार न्हाई."

"ताई, ऐसा नहीं होता. जोडनेवाला खाना खाने गया."

"येऊ द्या. बसतो आमी."

बसलो. स्टुलं दिली नव्हती, दुकानाच्या पायरीवरच बसलो. जोडणारा आला, त्यानं तोंड वाकडं करत सगळं जोडलं. या वेळी पट्टी आत गेली, दोन्ही बाजूचे चिमटे आपोआप मिटले. बटण दाबलं. पंखा फिरला. दुकानातल्या मॉनिटरवर मात्र काहीच आलं नाही. पंखा फिरतोय आणि पडदा काळा.

आता दुकानदार म्हणायला लागला, बोर्डच खराब. नवरा म्हणायला लागला, यांचाच प्रोसेसर खराब. दोघांचे आवाज चढले. मी पुस्तिकेतलं चित्र आणि समोरचा बोर्ड आळीपाळीनं बघत राहिले. चित्रात प्रोसेसरजवळ एक छोटा चौकोनी प्लग दाखवला होता, आणि आमच्या बोर्डावरची ती जागा रिकामी होती. जोडणाऱ्याला विचारलं, "इथं काय लागतं?"

त्यानं कॅबिनेटमधल्या सगळ्या वायरी चाचपल्या. "इसमें वो वायरच नहीं है. पावर सप्लाय पुराना है."

भागांना वीज पुरवणारी ती पेटी डब्यातच बसून आली होती. नेट कॅफेचा डबा. नवऱ्याच्या शोधाशोधीतली ती सगळ्यात अभिमानाची खरेदी होती. मी त्याच्याकडं बघितलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता.

पॉवर सप्लाय नवा घातला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली. जोडणारा म्हणाला, "हो गया." नवऱ्यानं टाळी वाजवली, दुकानदारानं चहा मागवला. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण माझ्या मनात एकच होतं, की हे सगळं पहिल्याच दिवशी होऊ शकलं असतं. मी चहा न घेता कॅबिनेटचे स्क्रू घट्ट आहेत का ते तपासत बसले.

परीक्षा तर होऊन गेली होती. पुढं हळूहळू कामं मिळाली. आधी शेजारच्या तांड्यावरच्या एका लग्नाची पत्रिका, मग बचत गटांचे अर्ज, मग दुकानांच्या पावत्या. मशीन चांगलं चाललं, बरीच वर्षं चाललं. नवऱ्यानं कधी मध्येच रॅम वाढवायची गोष्ट काढली, की मी नुसतं बघायचे आणि तो विषय बदलायचा.

एकदा त्याच्या शाळेतले एक मास्तर कॉम्प्युटर घ्यायचा म्हणून सल्ला विचारायला घरी आले. मी आत चहा ठेवत होते. बाहेर नवरा रंगात येऊन सांगत होता, बोर्ड कसा हैदराबादहून मागवला, दुकानदाराला कसं नमवलं, स्वतः जोडून घेण्यात काय मजा असते. ऐकता ऐकता माझा चहा उतू गेला.

उरलेला चहा तसाच दोन कपांत ओतून मी बाहेर आले. "मजा?" मी म्हणाले. "सर, तुमी तयार घ्या. दुकानात चालू करून बघा अन् मंगच घरी आणा."

पाहुणे गोंधळून नवऱ्याकडं बघायला लागले. तो म्हणाला, "तिला तेव्हा लई तकलीफ झाली ना, म्हणून ती असं म्हणते."

"तुमाला न्हाई झाली?"

त्यानं थोडा विचार केला. "झाली की," म्हणाला. "पण कॅबिनेट काय वाईट नव्हतं."

मी चहाचा कप त्याच्यासमोर जरा जोरातच ठेवला.