मिलिटरीवाले हीच नेतात

चादरीच्या कारखान्यात मी तीस वर्षं चेकर होतो. चादर उजेडासमोर धरायची, तुटलेला धागा शोधायचा, खडूनं खूण करायची आणि माल परत पाठवायचा. विणणारे मागनं शिव्या घालायचे. घालू देत. कुणी 'एक नंबर माल हाय' म्हणालं की माझे कान आजही टवकारतात.

म्हणून तर लेकानं बॅटरी निवडायचं काम माझ्यावर टाकलं. तो फौजेत आहे. राजस्थानात, स्टोअरच्या कामावर, असं त्यानं घरी सांगितलेलं. एप्रिलमध्ये फोन आला, "आप्पा, माझी बॅटरी पाणी शिरून गेली. एक दणकट बघून पाठवा. पाण्यात पडली तरी लागली पाहिजे. चकाकणारी नको, लांबनं दिसती. पांढऱ्यासंगं लाल उजेड पाहिजे. आणि जाड हातमोजे घालून बटण दाबता आलं पाहिजे." मी सगळं कागदावर उतरवून घेतलं आणि नव्या पेठेत गेलो.

पहिला दुकानदार म्हणाला, "ही घ्या मामा, मिलिटरीवाले हीच नेतात."

"कुठल्या मिलिटरीनं नेली? बिल दाखव."

तो नुसताच हसला. मी मागचं झाकण उघडलं, तर आतली रबरी रिंग इतकी ढिली, की लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखी आली काय, गेली काय, कुणाला पत्ता नाही. ठेवली तिथंच. दुसऱ्याकडची दिसायला बरी होती. म्हटलं, बादली आण, बुडवून बघू. तर त्यानं लगेच हात आखडता घेतला. "वॉटरप्रूफ म्हणजे पावसात चालती मामा, बुडवायची न्हाय."

"मग काय छत्रीखाली धरून लावायची का रे?"

तिसऱ्याशी बरीच हुज्जत घातली. पाणी शिरलं तर परत घेईन, असं त्याच्याकडून चार गिऱ्हाइकांसमोर कबूल करून घेतलं, तेव्हा कुठं काळी, जाड रबराची एक घरी आणली. आणली ती थेट पाण्याच्या पिंपात सोडली.

"अवो, प्यायचं पाणी हाय त्ये!" बायको ओरडली. "नळाला चार दिवसांनी येतंय आणि तुमी त्यात बॅटरी बुडवताय!"

मग सांडपाण्याच्या बादलीत टाकली. दुसऱ्या दिवशी काढून झाकण उघडलं, आत बोट फिरवलं. कोरडी ठणठणीत. गच्चीवरून खाली फरशीवर टाकली, शेजारीण काय पडलं म्हणून धावत आली. तरी लागली. लाल उजेडही लागला.

राहिले हातमोजे. सोलापुरात एप्रिलमध्ये लोकरीचे हातमोजे कोण ठेवतंय? शेवटी कपाटातली जाड चादर काढली, दुहेरी करून हाताला गुंडाळली आणि बसलो. नेमकी लाइट गेलेली, पंखा बंद. घाम कोपरावरून टपकत होता. बटण दाबलं. लागली! "हाय की खरी," मी मोठ्यानं म्हणालो.

आणि तसाच बसून राहिलो. असल्या उकाड्यात हातात एवढं जाड कोण घालतं? तेही राजस्थानात, स्टोअरमध्ये? आणि तिथं वाळवंटात बॅटरीत पाणी कुठनं शिरलं? तीन दुकानदारांना मी उभं-आडवं घेतलं होतं, पण पोरानं सांगितलेलं एकदाही उजेडासमोर धरलं नव्हतं.

लेकाला फोन लावला, तो तिसऱ्या खेपेला लागला.

"काय रे, उकडतंय का तिकडं?"

"लई उकडतंय, आप्पा."

"बॅटरी मिळाली. हातमोजे घालून लागती."

पलीकडनं नुसता वारा ऐकू येत होता.

"बर्फ हाय व्हय रे तितं?"

तो हळूच म्हणाला, "आईला नका सांगू, आप्पा."

मला राग आला. लई राग आला. बापाला फसवतो? शिवी अगदी ओठांवर होती. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "दोन जोड सेल जास्तीचे टाकतो. जपून रहा."

फोन ठेवला तोवर बायको पदराला हात पुसत बाहेर आली होती.

"काय म्हणतोय? बरा हाय न्हवं? सगळं ठीक हाय न्हवं?"

तीस वर्षांत दोष दिसत असताना मी एकही चादर पुढं जाऊ दिली नव्हती. हाताला गुंडाळलेली चादर सोडवत मी खाली बघूनच म्हणालो, "सगळं ठीक हाय. उकडतंय म्हणं त्याला लई."